थांबणारं पान

खारघरच्या डायलिसिस सेंटरमधून वैजयंती सिस्टरांचा फोन आला तेव्हा तिथलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ऋताला वाटलं, नेहमीसारखा प्रिंटर रुसला असेल. पण सिस्टरांचा आवाज दबका होता.

"ऋता, तुझ्या स्क्रीनने आज नामदेवकाकांना चार नंबरचं मशीन दिलंय."

ऋता ताठ बसली. उरणहून येणाऱ्या नामदेवकाकांना बी प्रकारची कावीळ होती. अशा रुग्णांसाठी कोपऱ्यातलं एक मशीन राखून ठेवलेलं असे. त्यांना दुसरीकडे लावलं, तर नंतर त्या मशीनवर बसणाऱ्याला संसर्ग होण्याचा धोका.

"लावलं का त्यांना?"

"छे! मी चेहऱ्याने ओळखते ना. पण सोमवारपासून मी रजेवर आहे, मुलीचं बाळंतपण आहे. माझ्या जागी नवीन पोरगी येतेय. ती बिचारी स्क्रीन सांगेल तसं करणार."

कारण लगेच सापडलं. आदल्या दिवशी सगळं नव्या सर्व्हरवर हलवताना, मशीन राखून ठेवण्याचा नियम असलेली छोटीशी फाइल मागेच राहिली होती. ऋताने ती जागेवर आणून टाकली. तरी तिचं मन शांत होईना. फाइल नव्हती, तरी मशीनची यादी दाखवणारं पान एकदाही अडखळलं नव्हतं. नीटनेटकी, रंगीत, चुकीची यादी त्याने छापून दिली होती.

ही पानं ज्या पीएचपी नावाच्या संगणकभाषेत लिहिली होती, तिच्यात एका फाइलमध्ये दुसरी जोडायची तर 'इन्क्लूड' म्हणता येतं किंवा 'रिक्वायर'. इन्क्लूड फाइल न मिळाल्यास जरा कुरकुर करतं आणि पुढे चालू लागतं. रिक्वायर तिथंच थांबतं. तुर्भ्याच्या त्यांच्या ऑफिसात मात्र सगळीकडे इन्क्लूडच होतं, आणि ती कुरकुरही बंद करून ठेवलेली. मालक रूपेशदादाच्या एका डेमोत एक फाइल न मिळाल्याने पान पांढरं पडलं होतं आणि समोरचा शेठ चहा न पिता उठून गेला होता. तेव्हापासूनची ही पद्धत.

"फाइल टाकलीस ना? मग विषय संपला," रूपेशदादा म्हणाला. "टेन्शन कशाला घेते?"

"दादा, वरची पट्टी, खालचा पत्ता, सणाच्या शुभेच्छा, हे नाही आलं तर चालेल. ते राहू दे इन्क्लूड. पण या एका फाइलला रिक्वायर लावते. ती नसेल तर पुढे जायचंच नाही."

"आनि सकाळी पेशंट बाकड्यावर बसलेत नि पान पांढरं, मग?" त्याने खुर्ची तिच्याकडे फिरवली. "माझी आय बसायची तशी. थोडा उशीर झाला की दम लागायचा तिला. पाय हे एवढे सुजायचे. तू नाय बघितलंय ते."

तोवर तो धंद्याचं बोलतोय असं ऋताला वाटलं होतं. ती जागेवर परतली आणि फाइल जोडणारी ती ओळ तिने पुन्हा उघडली. चुकीचं मशीन नको, हे खरं. उशीर नको, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी तिने रिक्वायर लावलं. पान थांबलं तर पांढऱ्या पडद्याऐवजी मोठ्या अक्षरांत एक सूचना यावी, अशीही सोय केली: 'यादी तयार झालेली नाही. केसपेपर बघून मशीन हाताने ठरवा.' कुणाचं नाव नाही, आजार नाही. तो पडदा बाकड्यावरून सगळ्यांना दिसत असे.

"इथं सगळंच चालतं," रूपेशदादा म्हणाला. "तिथं जाऊन दाखव. सिस्टर आहेत तोवर."

शनिवारी दुपारच्या पाळीआधी दोघं सेंटरला गेले. सिस्टरांना सांगून ऋताने ती फाइल मुद्दाम बाजूला काढली. काम समजून घ्यायला आधीच आलेली नवीन मुलगी पायल हिने यादी मागवली आणि दचकून हात मागे घेतला.

"मी काही दाबलं नाही हं!"

"वाच काय लिहिलंय ते," सिस्टर म्हणाल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

पायलने केसपेपरांचा गठ्ठा ओढला. एकेक उघडून ती पाटीवर नावं लिहू लागली. बाकड्यावर चुळबुळ सुरू झाली.

"काय गं, झोपला का तुझा कॉम्प्युटर?" एक मावशी म्हणाल्या.

"झोपू दे त्याला," नामदेवकाका म्हणाले. "आपल्याला कुटं लग्नाला जायचं हाय?"

बाकडं हसलं. रूपेशदादा मात्र हसला नाही. तो मावशींजवळ उकिडवा बसला. "दम लागतोय का, मावशी?"

"दम नाही रे, भूक लागलीय. तू कोण, नवा डॉक्टर?"

पायलचा हात एका पेपरावर थांबला. तिने तो पुन्हा वाचला, लिहिलेलं पुसलं आणि हलकेच म्हणाली, "काका, तुमचं कोपऱ्यातलं मशीन." काका पिशवी उचलून निघालेही. सिस्टरांनी मागे बांधलेले हात सोडले.

रूपेशदादा गुडघ्यावर हात टेकून उठला. बाकडं जवळजवळ रिकामं झालं होतं.

"फाइल परत ठेव," तो ऋताला म्हणाला. "ओळ बदलू नको. आनि आपलं ते रक्तपेढीवाल्यांचं पान पन तपासायला काढ सोमवारी. तिथं काय काय इन्क्लूड केलंय, मलाच आठवत नाय."

ऋता फाइल ठेवत होती तेव्हा पायल शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, मी एकटी असताना असं थांबलं तर घाबरायचं नाही ना?"

"थोडी घाबर," ऋता म्हणाली. "पण मशीन हातानेच ठरव."