बिनधुराचं जहाज

"पूस, चांगलं घासून पूस," गेरलोफ म्हणाला. "काळं लागलं तर नाव बदलेन माझं."

फेनानं जहाजाच्या चिमणीच्या कडेवरून पांढरा रुमाल फिरवला. पुसट करडा डाग उमटला, बस.

लेक कितीतरी वर्षांनी बापाच्या जहाजावर चढली होती. नायमेखन शहराच्या धक्क्यावरच तिचं घर. पण गेरलोफ खडी भरून वाल नदीतून वर निघाला, की ती खिडक्या लावून घ्यायची. तिच्या पोरीला दमा होता. "तुझ्या धुरात मी तिला आणणार नाही, बाबा," फोनवर एवढंच म्हणायची.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात त्यानं जहाज गोदीत घातलं आणि इंजिनाशेजारी कपाटाएवढी पेटी बसवून घेतली. ती पाण्यातून हायड्रोजन काढायची, तो हवेबरोबर इंजिनात शिरायचा, आणि डिझेल कमी लागून पुरतं जळायचं. धूर जवळजवळ थांबला. नात येईल म्हणून गेरलोफनं केबिनला रंगसुद्धा दिला.

खाली केबिनमध्ये आल्यावर त्यानं कॉफी ओतली, मनुकांच्या पावाला लोणी लावलं.

"मग? रविवारी आणतेस ना पोरीला?"

फेना भिंतीकडे बघत होती. पलीकडे इंजिन होतं.

"आई इथंच झोपायची ना?"

"हो."

"आणि रात्रभर खोकायची."

"आता ते कशाला उकरतेस?"

"काजळी अडवणारी जाळी बसव म्हणाली होती ती तुला. याच टेबलाशी. मी होते. तू काय म्हणालास, आठवतं?"

आठवत होतं. ‘खोकला तर गावातल्या बायकांनाही होतो, त्यांच्या नवऱ्यांकडे कुठं जहाजं आहेत?’ असं म्हणून तो हसला होता. त्याची बायको अलेइडाही हसली होती, खोकत खोकत. त्या वर्षी त्यानं जाळीऐवजी नवं रडार घेतलं. पुढं फार दिवस ती जगली नाही.

"तेव्हा कुठं ठाऊक होतं..." तो म्हणाला. पुढचं त्यालाच खोटं वाटलं. "मला वाटलं, तू खूश होशील."

"आहे की खूश. खरंच. रविवारी आणते पोरीला." ती उठली, कोट चढवला. "एवढंच वाटतं बाबा, तुला जमत होतं. मनावर घेतलंस तर सगळं जमत होतं."

शिडीवरून ती उतरली तेव्हा त्यानं हात पुढं केला होता. तिनं कठड्याचा आधार घेतला.

गेरलोफनं दोर सोडले आणि जहाज प्रवाहात आणलं. समोरून येणाऱ्या जहाजावरच्या जुन्या दोस्तानं रेडिओवर हाळी दिली, "काय रे गेरलोफ, धूर नाही दिसत तो! इंजिन बसलं की काय?"

"नाही रे," गेरलोफ म्हणाला, "चालू आहे."