सामन्याचा तो, सरावाचा मी

मी चेंडू बोलतोय. थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तो चेंडू मी नाहीच. तो काचेच्या कपाटात बसलाय. मी सरावाचा. आणि आधीच कबूल करून टाकतो, मी जळका आहे. रंग उडाला, शिवण सैल झाली, पण पोटातली ही आग काही केल्या विझत नाही.

आम्ही दोघं जुळे म्हटलं तरी चालेल. एकाच बाईने, एकाच आठवड्यात, एकाच दोऱ्याने आम्हाला शिवलं. दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी बसलो होतो. मग बॉयलरमामा आले. एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचं त्यांचं काम, आणि उरलेल्या वेळात लाँड्रीतल्या बायकांच्या फुटबॉल संघाला शिकवायचं. त्यांनी त्याला दाबून पाहिलं, मला दाबून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हा सामन्याला. हा सरावाला." झालं! एवढ्यावर माझं नशीब ठरलं. का, कशासाठी, कोणी विचारायचं?

त्याचे लाड बघायला हवे होते तुम्ही. मामा त्याला कोऱ्या टॉवेलात गुंडाळून इस्त्रीच्या कपड्यांच्या खोलीत ठेवायचे. सामना संपला की पुसायचे, फुंकर मारायचे, परत गुंडाळायचे. सरावाला कोणी त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं, तरी मामा ओरडायचे, "हात लावायचा नाही! झिजेल तो!"

आणि मी? लाँड्रीच्या मागच्या अंगणात. ते अंगण कधी कोरडं नसतं. चादरी पिळल्या की पाणी तिकडे, यंत्रं धुतली की पाणी तिकडे. रोज संध्याकाळी काम सुटल्यावर अकरा बायका मला त्या चिखलात तुडवायच्या. पाणी पिऊन पिऊन मी असा जड झालो की मला लांब पोचवायचं तर कंबरेतून जोर लावावा लागायचा. त्यांना तो लावायची सवयच होऊन गेली.

इथेच तर गोम होती. सराव जड चेंडूवर आणि सामना हलक्यावर. मग काय होणार? सामन्यात प्रत्येक पास लांब, प्रत्येक फटका आभाळात! मामा डोक्याला हात लावायचे. कधी बुटांना दोष द्यायचे, कधी सकाळच्या खाण्याला. "अगं, एवढ्या जोरात कशाला मारता?" म्हणायचे. मला सगळं कळत होतं. पण खरं सांगतो, मनातून गुदगुल्या व्हायच्या. त्याला आभाळात उडताना पाहून मी म्हणायचो, बरं झालं, जा अजून वर!

संघाची कप्तान ताई. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर काम करायची, आणि तिच्या मनात माझ्यासारखीच एक जळजळ होती. तिची धाकटी बहीण बेकरीच्या संघात खेळायची. आमच्या गटात सहा संघ. पहिले दोन बाद फेरीत जायचे. बेकरीवाल्या लागोपाठ तीन वर्षं गेल्या. लाँड्रीवाल्या एकदाही नाही.

बुटांच्या नाड्या बांधता बांधता ताई गोलकीपरणीजवळ बोलायची. त्या गोलकीपरणीला सगळ्या 'भिंत' म्हणायच्या.

"रविवारी आईकडे जेवायला गेलं ना, की आई आधी तिच्या ताटात वाढते. म्हणे, ती दमून येते. आणि मी काय फुलं वेचून येते?"

"सोड गं," भिंत म्हणायची. "लहान आहे ती."

"लहान? अठ्ठावीस वर्षांची घोडी आहे! आणि डॉक्टर म्हणतात, माझा गुडघा हेच वर्ष चालेल. एकदा, फक्त एकदा मला बाद फेरी खेळायचीय. ती प्रेक्षकांत बसलेली असताना."

हे ऐकून मला ताई फार आवडायला लागली. वाटायचं, हिला माझं दुःख कळेल.

त्या वर्षी गंमतच झाली. गटातली पहिली जागा दुसऱ्याच संघाने पटकावली. दुसऱ्या जागेसाठी लाँड्री आणि बेकरी दोघींचे गुण सारखे, आणि शेवटचा सामना नेमका या दोघींत. बेकरीवाल्यांचे एकूण गोल जास्त होते, म्हणून बरोबरी झाली तरी त्या जाणार. आमच्या बायकांना जिंकावंच लागणार होतं.

सामना आमच्या मैदानावर, म्हणजे चेंडू आमचे. नियमाप्रमाणे दोन लागतात. मामांनी त्याला टॉवेलातून काढलं, आणि मला एका जुन्या पिशवीत कोंबलं. पिशवीत निदान मोजे तरी धुतलेले असावेत! पण नाही.

मी बाकाखालून, पिशवीच्या फटीतून बघत होतो. धाकटी सुरेख खेळत होती. आमच्या बायका नेहमीप्रमाणे सगळं लांब मारत होत्या. शून्य-शून्य. बारा मिनिटं उरली. ताई एकटी गोलसमोर पोचली, मागे कोणी नाही, पुढे फक्त गोलकीपर. आणि तिने कंबरेतून जोर लावला!

चेंडू गोलवरून, जाळीवरून, थेट मागच्या कुंपणाच्या तारेवर. फुस्स!

ताई गुडघ्यांवर बसली. आणि मी? काय सांगू, मला इतका आनंद झाला की लाजही वाटली नाही.

पंचांनी शिट्टी वाजवली. "दुसरा चेंडू आणा."

भिंतीने मला पिशवीतून काढून मैदानात फेकलं. पहिल्यांदाच मी त्या कोरड्या गवतावर उतरलो. धाकटीने पायाने मला ढकलून पाहिलं आणि किंचाळली, "हा काय चेंडू आहे? धोंडा आहे हा!"

पंचांनी मला उचललं, दाबलं, खाली टाकून पाहिलं. मी जीव खाऊन जेवढी उडी मारता येईल तेवढी मारली. "हवा ठीक आहे. दुसरा कुठलाच नाही ना? मग चालवा."

पुढची बारा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बेकरीवाल्या मला मारायच्या आणि मी दोन हातांवर जाऊन बसायचो. आमच्या बायकांना मात्र माझं अंगअंग पाठ होतं. पास बरोबर पायात, बरोबर वळणावर. मामा बाजूला उभे राहून बघतच राहिले. शेवटच्या मिनिटाला ताईने मला छातीवर घेतलं, खाली सोडलं आणि तोच कंबरेतला जोर लावला. मी सरळ गेलो. गोलकीपरणीच्या हाताखालून, जाळीत.

जाळी काय असते, ते मला त्या दिवशी कळलं. मऊ असते हो! त्या मेल्याला हे दर सामन्यात मिळत होतं.

मग आरडाओरडा, रडणं, मिठ्या. मी वाट बघत होतो, कोणीतरी मला उचलेल. कोणी उचललं नाही. मामा कुंपणाकडे धावले आणि त्या फुटक्याला छातीशी धरून आले.

मी घरंगळत बाकाजवळ गेलो. तिथे धाकटी एकटी बसली होती. तिने मला उचलून घेतलं आणि नाचणाऱ्या ताईकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. रोज त्या इस्त्रीच्या खोलीकडे मी तसाच बघत आलो होतो.

ताई धापा टाकत आली.

"ताई, हा चेंडू मला देशील?"

"कशाला गं?"

"असाच."

"ने की. जुनाच तर आहे."

एवढंच. जिने मला रोज छातीवर झेललं, जिचं आयुष्यभराचं स्वप्न मी पुरं केलं, ती एवढंच म्हणाली आणि परत नाचायला गेली.

आता मी धाकटीकडे असतो, तिच्या आईच्या घरी, जेवणाच्या टेबलाखाली. त्या सामन्यानंतरच्या रविवारी ताई जेवायला आली. ताट पुढे ओढून सांगत होती, "मामांनी चूक पकडली बरं का. आता सरावालाही नवाच चेंडू! आणि फुटलेल्यात चिंध्या भरून तो कँटीनच्या कपाटात ठेवलाय, काचेच्या आड. खाली चिठ्ठी लावलीय, याच्यामुळे आपण बाद फेरीत."

"पण गोल तर याने..." धाकटी म्हणाली.

"तो दिसायला बरा नाही गं," ताई हसत म्हणाली. आईने आज आधी तिच्या ताटात वाढलं. टेबलाखाली धाकटीचा पाय माझ्यावर घट्ट दाबला गेला.

ताई, तुझ्यावर माझा राग आहे. पण त्या चिठ्ठीतली एक ओळ बदल. माझं नाव नको, नुसतं लिही की दुसराही एक चेंडू होता.

काल बाद फेरीचा सामना झाला. धाकटी बघायला गेली होती. संध्याकाळी परत आली तेव्हा आईने दारातच विचारलं, "काय झालं?"

"जिंकल्या."

"अगंबाई! ताईने गोल केला का?"

"दोन."

मग तिने मला बगलेत घेतलं, घराच्या मागच्या भिंतीसमोर ठेवलं आणि सगळा जीव एकवटून लाथ मारली. मी भिंतीवर आपटून परत आलो. तिने पुन्हा मारली. ती रडत होती. मी मनात म्हणालो, मार पोरी, अजून जोरात मार. मला लागत नाही.