गाठीतले पाहुणे

मी घरजावई आहे हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. होऊ दे. दिवसभर वाटाण्याची मुळं धुणाऱ्या माणसाला चार शिंतोड्यांचं काय एवढं!

त्या मुळांवर गाठी असतात. मूळ मातीत एक रस सोडून जिवाणूंना बोलावतं, जिवाणू ओळखीची खूण देतात, मग मूळ त्यांना आत घेऊन भोवती गाठ बांधतं. झाड त्यांना साखर देतं. पाहुणे हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात. शाळेत हे मैत्रीचं उदाहरण म्हणून शिकवतात. पण वाटाण्याच्या जनुकांत आणखी एक करामत आहे. आत आलेल्या जिवाणूला झाड बारीक बारीक प्रथिनं पाजत राहतं. त्यानं तो फुगतो, निमूट काम करतो आणि पुन्हा कधी त्याचे एकाचे दोन होत नाहीत.

गाठ चिरडायची, बशीतल्या खाद्यावर पसरायची आणि कोण वाढतं ते बघायचं, हे माझं काम. फुगलेले वाढत नाहीत. ही प्रथिनं आतवर पोचवणारं जनुक आम्ही काही झाडांत मोडलंय. त्यांच्या गाठीतले जिवाणू सडपातळ राहतात आणि बाहेर काढले की मजेत वाढतात. काम मात्र काडीचं करत नाहीत, आणि झाड पिवळं पडतं.

"गाठींचं घरी बोलत जाऊ नकोस," बायको एकदा म्हणाली. "आईला आवडत नाही."

सासूबाईंबद्दल तक्रारीला जागा नाही. माझे सदरे घट्ट झाले की न सांगता उसवून सैल करून ठेवतात. आतल्या खोलीत माझे साडू बसतात, थोरल्या मेहुणीचे यजमान. एके काळी ते गावोगाव फिरून घड्याळं विकायचे. आता बसून दुरुस्त करतात. मेहुणी घड्याळं आणते आणि नेऊन देते. माणूस हसतमुख, उन्हाशिवाय पांढरा पडलेला. खोलीबाहेर ते कधी दिसले नाहीत, हेही मी हसण्यावारी नेत आलो.

मग आईचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"तू येशील ना रे? पट्टी बांधल्यावर मी एकटी कशी वावरू?"

"म्हणजे काय! येतोच."

लग्न झाल्यापासून मी तिच्याकडे गेलो नव्हतो, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. का गेलो नव्हतो, ते आठवेना. मला स्वतःचीच भीती वाटली.

"जा ना जावईबापू, कोण अडवतंय?" सासूबाई म्हणाल्या. "फक्त पोटभर जेवून जा."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बॅग घेऊन साडूंचा निरोप घ्यायला गेलो. काय मनात आलं कोण जाणे, म्हणालो, "चला साडूभाऊ, कोपऱ्यापर्यंत सोडायला या."

ते हसत उठले. घराच्या दारापर्यंत आले. एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"अहो," त्यांनी विचारलं, "बाहेर पाय कसा टाकतात?"

थट्टा नव्हती ती. वाट चुकलेल्या माणसानं रस्ता विचारावा, तसे ते माझ्याकडे बघत होते. मेहुणीनं येऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत वळवलं. न जेवताच मी निघालो आणि दारातल्या टॅक्सीत जाऊन बसलो.

"कुठे जायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आईकडे."

"माझ्या की तुमच्या?" तो हसला. "पत्ता सांगा, साहेब."

मी तोंड उघडलं. मी वाढलो तो जिना, त्याचा डुगडुगणारा कठडा, आईच्या दाराचा रंग, सगळं डोळ्यांपुढे होतं. गल्लीचं नाव येईना. चौकाचं येईना. तिला फोन करून विचारू? तिच्याच घराचा पत्ता? मग तोंडून पत्ता आपोआप निघाला, घडाघडा, घर नंबरासकट.

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. "साहेब, ते तर हेच घर."

मी उतरलो. सासूबाई दारातच होत्या.

"आलात? हात धुवून घ्या."

बायकोनं माझ्या हातातली बॅग घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवताना खिशात फोन वाजू लागला. आईच असणार, तिला ऑपरेशनला आत न्यायची वेळ झाली होती. हात खरकटा होता म्हणावं, तर डावा रिकामाच होता. फोन वाजत राहिला. मग थांबला.

"वाढू आणखी?" सासूबाईंनी विचारलं.

मला रडू यायला हवं होतं. मला भूक लागली होती. मी ताट पुढे केलं.