बाहीचा श्वास

मित्रांनो, जनावरांच्या दवाखान्यात दारामागच्या खिळ्याला एक काळी नळी लटकलेली दिसते ना, तोच मी. जुना स्टेथोस्कोप. कानात घालायचं माझं डावं बोंड बदललेलं आहे, नळीला एके ठिकाणी चिकटपट्टी आहे, पण ऐकू मात्र मला अजून खणखणीत येतं. बढाई वाटली तर वाटू द्या.

कारखान्यात माझ्या भावंडांना मोठाल्या चकत्या मिळाल्या आणि मला इवलीशी, तान्ह्या बाळाच्या छातीवर मावेल एवढी. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम निवडून आणलं, कारण त्यांच्याकडे मांजरं नि ससे यायचे. पुढची चौदा वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी मी मदतनीस ताईंच्या कानात असायचो. भूल दिलेल्या जनावराचं पोट डॉक्टरीणबाई सांभाळायच्या आणि जीव आम्ही दोघं. दर पाच मिनिटांनी ताई ठोके मोजायच्या, श्वास मोजायच्या, अंग गार तर पडत नाही ना ते बघायच्या आणि कागदावर लिहायच्या. "ताई, तुमचा कान आहे म्हणून माझा हात चालतो," असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्यातलं निम्मं कौतुक मी आपलं म्हणून ठेवून घ्यायचो.

मग एक मशीन आली. जिभेला चिमटा लावला की तिच्या पडद्यावर ठोके आणि रक्तातला प्राणवायू झळकायचा. कानामागून आली आणि तिखट झाली! मी तीन वर्षं खिळ्यावर धूळ खाल्ली. रुसलो होतो, लपवत नाही.

एके सकाळी शिंपीकाका आले. त्यांच्या शर्टाच्या बाहीतून एक तपकिरी नाक डोकावत होतं. ती फेरेट होती. मुंगसाच्या धाटणीचा हा लांबुळका, मऊ प्राणी पाऊण किलोचासुद्धा नव्हता. ती रोज काकांच्या बाहीत झोपायची, म्हणून तिचं नावच बाही. घरात काका आणि ती, तिसरं कुणी नाही.

"पिल्लं न होण्याचं हे ऑपरेशन टाळता येणार नाही का?" काकांनी विचारलं.

"नको टाळू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या माद्या माजावर आल्या आणि जोडीदार मिळाला नाही, तर कधी कधी रक्त कमी होऊन जिवावर बेततं. शेवटचं कधी खाल्लंय?"

"तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन तासांपूर्वी. तेवढ्यातही माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मी तिचा वैरीच."

"बरं केलंत. हिला फार वेळ उपाशी ठेवलं की अंगातली साखर उतरते."

काका बाहेर बाकावर बसले. आत ताईंनी उबदार गादी लावली, बाहीला भूल दिली, घशात बारीक नळी बसवली, जिभेला चिमटा लावला. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "एवढासा जीव आहे. नुसत्या आकड्यावर नको," असं म्हणत त्यांनी मला कानात घातलं आणि माझी चकती बाहीच्या छातीच्या कडेला चिकटवली. मित्रांनो, मला काय वाटलं म्हणून सांगू! मी जिवाचा कान केला. टकटकटकटक, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. मग वर हिरवं कापड अंथरलं गेलं आणि बाही दिसेनाशी झाली.

ऑपरेशन निम्म्यावर आलं असेल. मला श्वास दुरून आल्यासारखे वाटू लागले. आधी उथळ झाले, मग दोन श्वासांत फार अंतर पडू लागलं. पडद्यावर प्राणवायूचा आकडा मात्र अठ्ठ्याण्णव. त्यात मशीनचाही दोष नव्हता. नळीतून भरपूर प्राणवायू मिळत असल्यामुळे आकडा लवकर ढळत नव्हता, आणि श्वास मोजायची सोय तिच्यात नव्हती.

"मॅडम, थांबा. श्वास कमी पडतोय," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. ताईंनी भूल कमी केली आणि नळीला जोडलेला फुगा हलकेच दाबला. छाती नीट फुगेना. ताईंनी कापडावरून नजर फिरवली, आणि पाहतात तो काय, दोन चिमटे आणि एक कात्री बरोबर बाहीच्या छातीवर ठेवलेली. कुत्र्याचं ऑपरेशन करताना डॉक्टरीणबाई अवजारं कापडावर ठेवायच्या. कुत्र्याला त्याचं काही नसतं. पण बाहीच्या बरगड्या काडीएवढ्या. ताईंनी झटकन अवजारं उचलली आणि पुन्हा फुगा दाबला.

छाती वर आली. मग खाली गेली. फुगा न दाबता पुढचा श्वास आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

टाके पूर्ण झाले. बाही डोळे उघडून चमच्यातलं पातळ खाणं चाटेपर्यंत ताई तिच्यापासून हलल्या नाहीत. मलाही त्यांनी गळ्यातून काढलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी काकांना आत बोलावलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या म्हणाल्या, "काका, ती बरी आहे. पण मधे माझ्या हातून चूक झाली. तिच्या छातीवर मी अवजारं ठेवली, तिला श्वास घेता येईना. ताईंनी ओळखलं."

काका बाहीच्या पाठीवर एक बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "झोपलेल्या जिवाला जड होतंय म्हणून सांगता येत नाही, बाई. कुणीतरी जागं लागतं. तुम्ही दोघी होतात."

मी तिसरा, पण ते जाऊ द्या. मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी डोळे मिटले, तर आकडा चांगला दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. कान लावा आणि स्वतः बघा.