निळा ग्लास

सत्त्याण्णव सालचा रविवार, सकाळचे सात. गुडगावातल्या अर्धवट बांधलेल्या सोसायटीच्या मांडवात नरसिंहबाबांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. मंचावर कॅन्सरमुळे एक मूत्रपिंड काढलेली, तरीही ठणठणीत माणसं ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या मनगटावर लाल धागा.

"जिसको मैंने बाँधा, उसे यमराज भी नहीं खोल सकता!" बाबा गरजले. यमराजांचं म्हणणं विचारायची सोय नव्हती.

रांगेत वृंदा होती. तिचा नवरा श्याम घरी होता; त्याचं मूत्रपिंड काढून महिना झाला होता, त्याच्यासाठी ती धागा घ्यायला आली होती. तिच्या मागे नणंद, डॉक्टर संपदा.

सरबत वाटणाऱ्या सेवकानं मायेनं विचारलं, "माताजी, गाँठ कितनी बड़ी थी?"

"बड़ी थी. नस में भी चली गई थी." वृंदाला निळा ग्लास मिळाला.

"छोटी. किडनी के अंदर ही थी," तोच प्रश्न आल्यावर संपदा बेधडक खोटं बोलली. तिला पांढरा मिळाला.

पुढे पांढरेवाले धागा बांधून घेऊन उतरत होते, निळेवाले रिकाम्या हातांनी. संपदानं झटकन ग्लास बदलले.

"अगं, काय चाललंय?"

"गप पी, वहिनी."

बाबांनी वृंदाचा ग्लास पाहिला, मग डोळे मिटले. "तेरा पति सौ साल जिएगा!" धागा बांधला. संपदाला म्हणाले, "बेटी, समय नहीं आया. अगले साल."

संपदा मांडवाकडे वळली. हिंदीत, मोठ्यानं तिनं ग्लासांची गोष्ट सांगितली. गाठ लहान, मूत्रपिंडापुरती असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक जण वाचतातच. बाबा त्यांनाच बांधतात. गाठ शिरेत गेली असेल त्यांना परत पाठवतात. "मंचावरचे मोजू नका, परत गेलेले मोजा!"

"बहनजी, आगे बढ़ो ना, हमारा नंबर है," मागून आवाज आला.

परतीच्या बसमध्ये वृंदानं विचारलं, "मग श्यामचं काय?"

"सिगारेट बंद. रक्तदाब ताब्यात. वेळच्या वेळी स्कॅन, म्हणजे पुन्हा उगवलं तर लवकर कळेल."

"तेवढ्यानं वाचेल?"

"माहीत नाही गं. पण त्या बाबालाही माहीत नाही. त्याला फक्त ग्लासाचा रंग दिसतो."

घरी वृंदानं दोनदा कात्री हातात घेतली. धागा अजून मनगटावर आहे. श्यामचं स्कॅन गुरुवारी झालं. फुफ्फुसाची एक फिल्म मोठ्या डॉक्टरांनी, तिथं गाठ पसरली आहे का ते पुन्हा बघायला ठेवून घेतली आहे. निरोप आलेला नाही.