कडूच्या खोलीची पाहणी

शालिग्राम माणूस अब्रूदार, आणि त्याचा त्याला गर्वही फार. नवं मध्य प्रदेश राज्य होऊन वर्ष झालं होतं. नागपूरचे कागद बंद होऊन भोपाळचे सुरू झाले होते, आणि त्यातल्याच एका कागदापायी बुऱ्हाणपुरातल्या भाड्याच्या खोल्या आत शिरून तपासायचं काम म्युनिसिपल कमिटीच्या या जमादाराच्या गळ्यात पडलं होतं. भिंत कलली का, छप्पर टिकेल का, किती माणसं राहतात. बाकीचे जमादार दार ढकलून सरळ आत घुसत. हा एक दिवस आधी नोटीस देऊन यायचा, बाहेर उभा राहून खाकरायचा, बाया आवरून घेईपर्यंत थांबायचा. "घर कमिटीचं नाही, राहणाऱ्याचं आहे," असं वर सगळ्यांना सुनवायचा. खरं होतं ते, नाही कोण म्हणतो?

शनवारा मोहल्ल्यातल्या मोतीलालशेठच्या खोल्यांत शेवटची खोली कडूची. कडू स्टेशनावर केळीचे घड वॅगनीत भरायचा. त्या दिवशी त्याच्या चौकटीला कडुलिंबाचा ताजा डहाळा बांधलेला होता, म्हणजे आत बाळंतीण. आपल्याकडे अशा खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही, मग तो कलेक्टर का असेना.

"मुलगी झाली, साहेब. आज पाचवा दिवस," दार अडवून कडू म्हणाला.

शालिग्रामनं मान खाली घातली, वहीत 'बाळंतीण, पाहणी नंतर' असं लिहिलं आणि "बाईला जपा" म्हणून निघालासुद्धा. आतून बाळाचं रडणं नाही, ओव्याची धुरी नाही. पण गडी स्वतःच्या सभ्यपणावर इतका खूष, की नाक-कान जणू घरीच ठेवून आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरची ओळ पाहायला तो आला, तर कडूच्या चौकटीवर डहाळा नव्हता आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारची भागाबाई उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती.

"मावशी, बाळंतिणीला कोंडून गेला का हा?"

"कोण बाळंतीण?" भागाबाईचं सूप थांबलं. "मालू तर माहेरी गेली, डोईफोडियाला. कडूच सांगत होता. अन् तिला दिवस कधी गेले होते?"

"काल डहाळा होता इथं."

"काल मी दिवसभर कापसाच्या जिनिंगवर होती. मी नाही पाहिला."

"आतून आवाज येतो कधी?"

"येतो. उंदीर असतील." मग म्हातारीनं मान खाली घातली. "खोटं कशाला बोलू, भाऊ. उंदीर नाहीत, ते मला ठाऊक होतं. पण नवरा-बायकोच्या खोलीत आपण कसं घुसायचं?"

शालिग्राम कुलपाकडे वळला. भिंत ठोकून पाहायची लोखंडी पहार त्याच्या हातातच होती. मोतीलालशेठ धावत आला. "एक दिवस आधी नोटीस पाहिजे, साहेब. तुम्हीच तर सांगितलं होतं. माझ्या दाराला हात लावायचा नाही."

शालिग्रामनं त्याला ढकलून दिलं आणि कडी उपटली.

मालूबाई मधल्या खांबाला दोरखंडानं बांधलेली होती. अंगावर चिंधीसुद्धा नव्हती. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेले, मांड्यांवर विळ्याचे वार, आणि त्यांवर माश्या. सवयीनं शालिग्रामनं तोंड फिरवलं, मग स्वतःलाच शिवी घातली. कोट काढून त्यानं तिच्यावर टाकला आणि दोराची गाठ सोडायला बसला.

तेवढ्यात मागून कडू आला. घड कापायचा विळा त्याच्या हातात होता. "माझ्या घरात? माझ्या बायकोपाशी?" एवढंच तो बोलला. पहिला वार शालिग्रामच्या दंडात हाडापर्यंत गेला. दुसरा चुकवताना दोघेही जमिनीवर पडले, पाण्याचा माठ फुटला. कडू वर बसला. शालिग्रामनं विळ्याचं पातं उघड्या पंज्यात धरलं. बोटं कापत गेली तरी सोडलं नाही. दारात माणसं जमली होती. सगळी नुसती पाहत होती. मुरदाड लोक, दुसरं काय म्हणावं?

त्यांच्यातून भागाबाई मुसळ घेऊन आत आली. तिनं पहिला तडाखा कडूच्या मनगटावर दिला; विळा गळून पडला. दुसरा गुडघ्यावर, तिसरा तोंडावर. कडू दात थुंकत कोपऱ्यात सरकला, तरी ती मारतच होती आणि मारता मारता रडत होती. शेवटी शालिग्रामनंच तिचा हात धरला.

दवाखान्याकडे निघालेल्या टांग्यात मालूबाईचं डोकं भागाबाईच्या मांडीवर होतं. तिचा श्वास घरघरत होता. शालिग्राम पुढे बसला होता, पंज्याला धोतराची पट्टी गुंडाळून. त्याला राहवलं नाही.

"काल मी दारातच होतो, बाई. एक हाक का नाही मारलीत?"



"लुगडी त्यानं सगळी जाळून टाकली, भाऊ," मालूबाई म्हणाली. "हाक मारली असती, तर तुम्ही आत आला असता."

भागाबाईनं पदर तोंडात कोंबला. शालिग्रामला वाटलं, टांग्यातून उडी मारून कुठंतरी निघून जावं.

मग मालूबाईनं कोट गळ्यापर्यंत ओढला. "आज किती जणांनी पाहिलं मला?"

निम्मा शनवारा दारात उभा होता.

"कोणीच नाही," शालिग्राम म्हणाला. "मी आणि मावशी. दार लावलेलं होतं."