दोन मेहुणे आणि जुना पूल

माझा उजवा हात मोडला तो आमच्या दुकानाच्या पायरीवर. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, कानामागची काडी जराशी वाकवून द्यायची आणि विचारायचं, "आता दिसतंय ना नीट?" दिवसभर जगाला हे विचारणाऱ्या बाईला समोरची ओली पायरी काही दिसली नाही. मालकीणबाई धावत आल्या, गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि दुपारी मी मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घालून, हात गळ्यात अडकवून घरी हजर.

पण हाताच्या आधी आमच्या घरात आणखी काहीतरी मोडलं होतं. ते आधी सांगते.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, न्हावी आहे. जुन्या पुलाच्या तोंडाशी त्याचं सलून. वहिनी गेल्यापासून तो दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येतो. आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं आखतात. कुठली बस कुठून सुटेल, कुठे थांबेल, कुणाला कुठे गाठेल, हे सगळं ह्यांच्या डोक्यात. दोघं एकमेकांना 'मेहुणे' म्हणतात, आणि दोघांनाही बातम्यांचं भारी वेड. दादाच्या खुर्चीत दिवसभर गाव येऊन बसतं, आणि डेपोत चहाच्या सुट्टीत सगळ्या जगाचा निकाल लागतो. रविवारी ही दोन न्यायालयं माझ्या जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायची. निवडणुका, पाणीकपात, भाज्यांचे भाव, कुठल्या तरी लांबच्या देशातली लढाई. मी वाढत राहायची आणि हे दोघं भांडत राहायचे. आवाज चढले तरी ताटं रिकामी होत होती, तोवर मला काळजी नव्हती.

मग नगरपालिकेनं जाहीर केलं की जुना पूल गाड्यांना बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा विचार आहे. सुनावणी होईल, नागरिकांनी येऊन मत मांडावं. झालं.

"बंदच करायला पाहिजे," दादा म्हणाला.

"आणि माझ्या बसेस काय पंख लावून नदी ओलांडणार?" हे म्हणाले. "नव्या पुलावरून वळसा घातला की दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं अर्धा दिवस बसमध्येच बसतील."

"म्हातारी माणसं चालतातसुद्धा, मेहुणे."

"तुम्हाला म्हाताऱ्यांचं काय हो? पुलावर बाकं टाकली, झाडं लावली की सलूनला गिऱ्हाईक वाढेल. एवढंच ना?"

दादाचा चेहरा पडला. "आणि तुम्हाला माणसं म्हणजे कागदावरचे ठिपके," तो म्हणाला, आणि उठलाच. ताटात अर्धं जेवण तसंच. तरातरा जिना उतरून गेला. त्यानंतरचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, दादा काही फिरकला नाही. हे मोठ्यानं पेपर वाचायचे आणि मध्येच थांबून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. मी 'हो, बरोबर आहे' म्हणायची. पण बरोबर म्हणणाऱ्या माणसाशी किती वेळ बोलणार?

अशात माझा हात मोडला.

दादाला कळलं तसा तो रोज सकाळी यायला लागला, हे डेपोत गेल्यावर. बरोबर ताजा पाव आणि फळं. मला केस विंचरता येईनात, तेव्हा त्यानं मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि गुंता सोडवायला घेतला.

"ठमे, काय हा अवतार! पाखरं घर करतील यात." लहानपणीचं हे नाव आता तो एकटाच घेतो.

"दादा, रविवारी ये ना."

"मान सरळ ठेव," तो म्हणाला.

संध्याकाळी हे घरी आले की माझ्याकडे बघायचे. "केस छान बांधलेत आज."

"सलूनवाल्यानं बांधले."

"हं," म्हणायचे आणि पातेली आपटायला लागायचे. कारण स्वयंपाक आता ह्यांच्याकडे होता. ह्यांना येतं काय, तर चहा आणि उकडलेलं अंडं. भात केला तर खाली करपलेला, वर कच्चा, आणि मधला घास फक्त चांगला. लेक परगावी असते, ती रोज फोनवर म्हणायची, "आई, बाहेरून मागवा की." पण ह्यांना ते पटेना. "मी इतक्या बसेस वेळेवर पोचवतो, एक भात जमत नाही म्हणजे काय?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच भात.

शेवटी शनिवारी मी दादाला फोन केला. "उद्या जेवायला ये. थरांचं करतोय."

थरांचं म्हणजे आमच्या आईचा पदार्थ. त्याला दुसरं नावच नाही. बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा, टोमॅटो, पुन्हा बटाटा, वरून दूध आणि साय, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. दादा त्यासाठी कुठूनही येईल.

"कोण करणार? तुझा हात तर..."

"ये तर."

"ते असतील ना?"

"असतील. राहतात ना ते इथे."

दादा आला. ह्यांनी दार उघडलं. दोघांनी एकमेकांच्या खांद्यांवरून पलीकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते, प्लास्टरचा हात उशीवर. म्हटलं, "अहो, तुम्ही बटाटे सोला. दादा, तू चकत्या कर, तुझा हात वस्तऱ्याला सरावलेला आहे. मी सांगेन तसं."

दोघं कामाला लागले. पण तोंडातून एक शब्द नाही. म्हणजे बोलत होते, पण माझ्यामार्फत.

"त्यांना म्हणावं, साल जाड निघतंय."

"त्यांना सांग, साल पातळ हवं असेल तर स्वतःच सोला म्हणावं."

शेजारी उभे, कोपराला कोपर लागतंय, आणि मी मध्ये टेलिफोन. नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आमच्या टेबलावर इतकी वर्षं आवाज होता, आणि आता ही शांतता. मला एकदम रडूच यायला लागलं, पण डोळे पुसायला हात एकच आणि त्यात चहाचा कप. तेव्हा मी कप ठेवला आणि ओरडले, "पुलावर बोला!"

दोघं दचकले.

"बोला म्हणते ना. मोठ्यानं बोला. फक्त हात थांबवायचे नाहीत. आणि कुणी उठून जायचं नाही. बटाटा काळा पडतो."

दोघांनी पुन्हा सुऱ्या चालवायला घेतल्या. मग ह्यांनीच तोंड उघडलं. "माझं म्हणणं एवढंच आहे, की पलीकडच्या वस्तीत दवाखाना नाही. त्या लोकांना बस लागते."

"ते मला माहीत आहे," दादा म्हणाला. "माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडचीच."

"मग बंद करा कशाला म्हणता?"

दादा चकत्या करत राहिला. "आमचे संगीत शिक्षक आहेत ना, रिटायर झालेले. दर महिन्याला येतात केस कापायला. थंडीच्या दिवसांत पुलाच्या कोपऱ्यावर बसचा आरसा त्यांच्या डोक्याला निसटता लागला. लागलं काही नाही, टोपी उडाली. पण माझ्या खुर्चीत येऊन बसले तेव्हा थरथर कापत होते. केस कापता येईनात मला. नुसता हात धरून बसलो त्यांचा."

ह्यांच्या हातातला बटाटा थांबला. "कुठली बस?"

"तुमचीच. दवाखान्याची."

"अहो, मग कळवलं का नाही? डेपोत तक्रार का नाही केली?"

दादानं मान वर केली नाही. "त्या बसचा मार्ग तुम्ही आखलेला. थांबा त्या कोपऱ्यावर तुम्हीच ठेवलेला. मी तक्रार केली असती तर विचारणा कुणाला झाली असती? ठमीच्या घरी जेवायचं आणि बाहेर तुमच्यावर बोट दाखवायचं, ते मला जमलं नाही. म्हटलं, पूलच बंद झाला तर प्रश्नच मिटला."

मी ह्यांना इतकी वर्षं ओळखते. चुकलं असं वाटलं की ह्यांचे कान लाल होतात. दोन्ही झाले.

"आणि मी तुम्हाला गिऱ्हाइकावरून बोललो," हे हळूच म्हणाले.

"मग? गिऱ्हाईक वाढलं असतं तर मी नको म्हणालो असतो का?" दादा म्हणाला. "तेही होतंच की डोक्यात थोडं."

हे हसले. मग दादाही हसला. मी म्हटलं, "बटाटा!" आणि ते पुन्हा कामाला लागले. पण आता ह्यांनी ओट्यावर ओल्या बोटानं पूल काढला, नदी काढली. "थांबा इथून काढून इकडे, शाळेच्या भिंतीपाशी नेला तर? बसला कोपऱ्यावर वळताना कडेला यावंच लागणार नाही."

"तिथे पाणी साचतं."

"साचतं?"

"तुम्ही कधी चालत आलात तिथून? गुडघाभर साचतं."

पुन्हा वाद सुरू. कांदा खाली की टोमॅटो खाली, यावरूनही झाला. दादा म्हणाला आई कांदा खाली घालायची. हे म्हणाले सासूबाईंनी मला स्वतः सांगितलं होतं की टोमॅटो. मी गप्प बसले. आई हाताला येईल ते खाली घालायची.

थरांचं एका कडेला जास्त भाजलं आणि मीठ कमी पडलं. तिघांनीही दोनदा वाढून घेतलं. प्लास्टर घातल्यापासून मी पहिल्यांदाच पोटभर जेवले, आणि कितीतरी वर्षांनी ओव्हनमधून निघाल्या निघाल्या गरम जेवले. करणाऱ्या बाईच्या वाट्याला ते सहसा येत नाही.

सुनावणीला आम्ही तिघंही गेलो. सभागृह खच्चून भरलं होतं. दादा पूल बंद करा म्हणाला, पण कारण सांगताना गिऱ्हाइकाचं सांगून टाकलं, म्हणाला, "माझा यात फायदा आहे हे धरून ऐका." लोक हसले, पण नंतर नीट ऐकलं. ह्यांनी बस चालू ठेवा म्हटलं, आणि त्याच दमात हेही की त्या कोपऱ्यावरचा थांबा मी ठेवला, तो चुकीच्या जागी आहे आणि मी तो हलवणार आहे. डेपोतले वरिष्ठ साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडलेली मला मागून दिसली नाही, पण ह्यांना दिसली असणार. तरी हे बोलले. मी एका हातानं टाळ्या वाजवू शकत नव्हते, म्हणून मांडीवर थोपटलं.

निकाल असा लागला की पुलावर खाजगी गाड्या बंद, बस चालू, कोपऱ्यावरचा थांबा बंद आणि नवा थांबा शाळेपाशी, पाणी काढून दिल्यावर. दादा म्हणतो, अर्धा पूल मीच मिळवला. हे म्हणतात, बस चालू आहे म्हणजे मी जिंकलो. डेपोत साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं खरं, पण नुसतं एवढंच विचारलं, की बाकीचे कोपरेही एकदा चालत जाऊन बघाल का? आता हे सकाळी बूट घालून हिंडतात आणि घरी येऊन चहाबरोबर गावातल्या डबक्यांची माहिती देतात.

माझं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण बोटं हलतात; डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला आहे. दुकानात पुन्हा जायला लागले. रविवारी मात्र स्वयंपाक ते दोघंच करतात. मी एकदा उठायला गेले तर दादा म्हणाला, "बस गं तू, मध्ये मध्ये येऊ नकोस." ह्यांनी मान डोलावली. गेल्या रविवारी वाचनालय संध्याकाळी बंद करायचं का, यावरून जुंपली होती. ह्यांचं म्हणणं, विजेची बचत होईल. दादाचं, मग एकट्या माणसानं संध्याकाळी जायचं कुठं? दोघांच्या आवाजानं शेजारीण दारात येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, अगदी ठीक आहे, जेवायला येतेस का? ती आली. खुर्ची कमी पडली, तेव्हा हे स्टूल घेऊन बसले आणि वाचनालयाचं सगळं तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.